माळ घातलेलं मशीन

धुडकू सोनवण्यांच्या नखांतला रंग तीस वर्षांत कधी पुरता गेला नव्हता. आज पिस्ता, उद्या राणी, परवा काळा; साबण घासा की राख घासा, नखाच्या कडेला थोडासा उरायचाच. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या ज्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे रंगाच्या मिलमध्ये, ते जिगर मशीनवर उभे राहून कापड रंगवत, त्याच आवारात, पहिल्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत त्यांची लेक चंचल बसत असे, आणि तिच्या हातांना रंगाचा ठिपकासुद्धा नसे. या गोष्टीचं धुडकूंना भारी कौतुक. दुपारच्या डब्याला लेक खाली आली की भाकरी मोडण्याआधी ते तिची बोटं बघून घेत. चंचलला ते कळायचं, आणि ती मुद्दाम हात जरा पुढे करून बसायची.

खोली थंड होती ती चंचलसाठी नव्हे. तिथे एक मोठा कॉम्प्युटर होता, आणि त्याला ऊन सोसत नसे. मुंबईच्या कंपनीने दीड वर्षापूर्वी तो बसवला तेव्हा त्याचं नाव डोमेन कंट्रोलर असं सांगितलं होतं. मिलमध्ये सगळे त्याला नुसतं 'मोठा' म्हणत. खाली खात्याखात्यांत अकरा कॉम्प्युटर होते. त्यांतला कुठलाही सकाळी सुरू झाला की आधी मोठ्याला विचारायचा: समोर बसलेला माणूस कोण, याला काय दाखवू, काय झाकून ठेवू? मोठा मग तीन छोट्या फायली पुढे करायचा. एक पॉलिसीची; तिच्यात कुणी कशाला हात लावायचा नाही ते लिहिलेलं. दुसरीत पडदा कसा दिसावा ते. तिसरी रंगांच्या रेसिपीचं कपाट उघडून द्यायची. तिन्ही मिळून एका फ्लॉपीत मावतील एवढ्या; पण त्यांच्याशिवाय अकराही कॉम्प्युटर म्हणजे नुसत्या काचा.

चंचलला हे सगळं मुंबईच्या इंजिनीअरने पंधरा दिवसांत शिकवलं होतं, आणि उरलेलं तिने स्वतः इंग्रजी पुस्तकात बोट ठेवून ठेवून काढलं होतं. मग मनू झाली. तीन महिने घरी राहून चंचल परत आली, तेव्हा मिलचे मॅनेजर मगनभाई म्हणाले होते, "जो बेन, लहान छोकरीची आई तू. लक्ष घरी राहणार. उधन्याहून एका जणाचा तुझ्या जागेसाठी अर्ज येऊन पडलाय माझ्याकडे, एवढं लक्षात ठेव." चंचलने ते लक्षात ठेवलं होतं. आता मनू सात महिन्यांची होती. रोज साडेदहाला सासूबाई, उषाबाई, तिला काखेत घेऊन मिलच्या गेटवर येत. वॉचमनच्या केबिनला मागे एक पडदा होता. त्या पडद्याआड पंधरा मिनिटं चंचल आपल्या लेकीला पाजायची आणि सोळाव्या मिनिटाला वर आपल्या खुर्चीवर असायची.

नव्याण्णव सालचा दसरा मंगळवारी आला. आदल्या दिवशी, नवमीला, मिलमध्ये दरवर्षीप्रमाणे मशीनं धुवायला काढली. खानदेशातून आलेल्या कामगारांनी ही रीत तिथे रुजवून आता दोन पिढ्या झाल्या होत्या. मशीन धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि मग त्याला हात लावायचा नाही. दसऱ्याचा दिवस मशीन विश्रांती घेणार. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्याने पूजा केली त्यानेच माळ उतरवायची, नारळ फोडायचा आणि पहिली कळ दाबायची. दुसऱ्याचा हात त्याआधी लागता कामा नये.

आठ वर्षांची असताना धुडकूंनी चंचलला एकदा नवमीला मिलमध्ये आणलं होतं. जिगरच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून ते अडकलेले धागे ओढून काढत होते. "वरवर पुसलं तर मशीनले कळस, पोरी," ते म्हणाले होते. "पोटमझार हात घालना पडस. जे कामाचं नही ते बाहेर."

नव्याण्णवच्या पूजेत एक भर पडली होती. कलर किचनमध्ये, म्हणजे जिथे रंग मोजून कालवतात तिथे, काचेच्या केबिनमध्ये आणखी एक कॉम्प्युटर होता. दिसायला इतरांसारखाच, पण तो मोठ्याचा जोडीदार. एका इमारतीत काही झालं तर दुसऱ्या इमारतीत सगळ्याची नक्कल असावी म्हणून मुंबईवाल्यांनी तो मुद्दाम दूर ठेवला होता. दर पाच मिनिटांनी तो मोठ्याकडे बघायचा आणि मोठ्याकडे जे असेल तेच आपल्याकडे ठेवायचा. कामगार त्याला बिचकून असत. त्याची पूजा करायची कोणी, असा प्रश्न आला तेव्हा सगळे म्हणाले, सर्वांत जुना हात धुडकूआबांचा. आबा दोन दिवस ताठ चालत होते.

नवमीला दुपारी तीन वाजता वरच्या खोलीतला इंटरकॉम वाजला.

"पोरी, हाई बंद कसं करानं?"

चंचलने हसू दाबून सांगितलं, "आबा, खाली डाव्या कोपऱ्यात बघा. बाण तिथे न्या."

"बाण कोठे शे? हा, सापडना. पयाला."

"पळाला नाही, तुम्ही जोरात ओढलात. हळू. जिगरवर कापड सोडता तसं."

"आस्सं सांग ना मग."

दहा मिनिटं लागली. शेवटी पडदा काळा झाला, तसे धुडकू इंटरकॉमवर कुजबुजले, "झोपनं बरं का." मग त्यांनी त्याला कोरड्या फडक्याने पुसलं, कुंकवाचं बोट लावलं, माळ घातली आणि तांब्यातलं पाणी आजूबाजूला शिंपडलं.

चार वाजता चंचलने आपल्या खोलीची सफाई घेतली. पंख्याची जाळी धुतली, वायरींवरची धूळ पुसली. मोठ्याला वरून चकचकीत केलं. मग तिला वाटलं, वरवर पुसून कसं चालेल? डिस्कवर जागा कमी असल्याची सूचना महिनाभर येतच होती. ती बसली आणि मोठ्याच्या पोटात हात घातला. जुन्या चाचण्यांच्या फायली काढल्या, कुणाच्या तरी गाण्यांच्या काढल्या. एका ठिकाणी तिला त्या तीन फायली दिसल्या. दीड वर्षापूर्वीची तारीख, कुणी हात न लावलेल्या. त्याच तिन्ही, त्याच नावाच्या, त्याच मापाच्या, दुसऱ्या एका फोल्डरमध्येही होत्या. एकच वस्तू दोन जागी. घरात फडताळ आवरताना ती जे करायची तेच तिने इथे केलं: एक संच ठेवला, एक काढला. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण पूजेआधी घरात केर ठेवायचा नसतो. मोठ्याला कुंकू लावलं आणि ती पाच वाजता मनूकडे पळाली. जाताना तिला फार बरं वाटत होतं.

बुधवारी सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी इंटरकॉम वाजला. मग पुन्हा वाजला. ठेवला की वाजत होता.

"चंचलताई, माझ्या पडद्यावर भलतंच काय काय आलंय."

"बेन, रेसिपीचा डबाच नाही इथे!"

"मॅडम, इथे सगळं उघडंय. कुठेही शिरता येतंय. मी घड्याळ बदलून बघितलं, बदललं!"

"बदलू नका! कशाला हात लावू नका!" चंचल ओरडली.

तिने टेप तपासली, मुंबईला फोन लावून बघितला; साडेनऊ झाले तेव्हा मगनभाई स्वतः वर आले. त्यांच्यामागे दारात धुडकू उभे होते, हात बांधून.

"आ शुं थयुं?" मगनभाई म्हणाले. "पिस्ता रंगासाठीचं कापड धुऊन ओलं ट्रॉलीवर पडलंय. रेसिपी नाय तर रंग कसा मोजणार? कडा वाळल्या की रंग डागी चढतो, हे तुझ्या बापाला विचार. अर्धा दिवस गेला तर सगळा लॉट गेला." मग ते धुडकूंकडे वळले. "मी आधीच बोललो होतो, विजेच्या वस्तूला पाणी नको. या काकाने तांब्याने पाणी शिंपडलं किचनमध्ये. एकाच्या आत गेलं, वायरीने सगळ्यांच्या आत गेलं!"

"माझ्याच हातचं असेल साहेब," धुडकू खाली बघून म्हणाले. "दोन थेंब गेले असतील."

"दोन थेंब! आजपासून काका कलर किचनमध्ये नाय. जिगरवर पण नाय. गेटवर बसा, आलागेला लिहा. इलेक्ट्रिशियन सुकलालला पाठवलंय मी त्या कॉम्प्युटरकडे, चालू करून बघेल आत किती पाणी आहे ते."

धुडकूंनी आपले हात बघितले, पालथे, मग उताणे, आणि जिना उतरून गेले. तीस वर्षांत त्यांच्या जिगरवरून एकही डागी थान बाहेर गेलं नव्हतं.

चंचलच्या समोर ते फोल्डर उघडं होतं. रिकामं. आणि दुसरं, जिथे तिने एक संच राखला होता, तेही रिकामं. मग तिला इंग्रजी पुस्तकातलं ते पान आठवलं, जे तिने मनू पोटात असताना अर्धवट झोपेत वाचलं होतं. दोन फोल्डर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. एक उगम होता आणि दुसरं त्याची नक्कल. उगमातून काढलं की पाच मिनिटांत नकलेतून आपोआप जातं. तिने नेमका उगम पुसला होता.

खोलीत मगनभाई आणि ती, दोघंच होते. पाण्याची गोष्ट सगळ्यांना पटली होती. आबांनाही पटली होती. मुंबईचा माणूस येईल, काहीतरी करील, आणि पाणीच म्हणतील सगळे. उधन्याचा अर्ज मगनभाईंच्या टेबलावर असेलच. चंचलला एक क्षण मनूचे दुधाने भरलेले गाल दिसले. मग आबांचे हात दिसले, पालथे आणि उताणे.

"साहेब, पाणी नाही," ती म्हणाली. "फायली मी काढल्या. नवमीला साफसफाई करताना. चूक माझी आहे."

मगनभाई टेबलाशी आले. "तू काय बोलतेस ते कळतंय तुला?"

"कळतंय."

"तूच फायली काढल्यास?"

"मीच."

"मग घाल परत!"

"टेपवर नाहीत. टेपवर रोज फक्त रेसिपी जातात, यांची नोंद कुणी केलीच नव्हती. मुंबईला मी आत्ताच फोन लावला. तिथली मंडळी सुट्टीवर आहेत. शुक्रवारच्या आधी कोणी येणार नाही."

"शुक्रवार!" मगनभाईंनी कपाळाला हात लावला. "अने बीजी नकल? एवढे पैसे घेऊन दुसरा कॉम्प्युटर किचनमध्ये कशाला बसवला मग?"

चंचल उत्तर द्यायला गेली की त्यातलंही पुसलं गेलं असणार. दर पाच मिनिटांनी तो मोठ्याकडे बघतो. पण बघायला तो जागा पाहिजे ना! तीन वाजता झोपवला त्याला आबांनी. तिने फायली काढल्या चार वाजता. आणि त्यानंतर माळेला कुणाचा हात लागलेला नाही.

तिने मगनभाईंच्या समोरून हात घालून इंटरकॉम उचलला. कलर किचनमध्ये घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना.

"साहेब, सुकलालला कधी पाठवलंत?"

"आत्ताच. का?"

"त्याने कळ दाबली तर संपलं! तो जागा झाला की मोठ्याकडे बघणार, मोठ्याकडे फायली नाहीत म्हणून आपल्याकडच्याही पुसून टाकणार!"

रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवून टेबलावरचा फ्लॉपीचा डबा तिने ओढणीत गुंडाळला आणि ती धावत सुटली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच धावत होती. जिना, मग वाफेने भरलेला बोळ, मग ट्रॉल्यांवर ओल्या कापडाचे ढीग. ढिगांच्या कडा तिने जाता जाता हाताने चाचपल्या, अजून ओल्या होत्या. मागे मगनभाईंच्या चपलांचा आवाज येत होता.

काचेच्या केबिनमध्ये इलेक्ट्रिशियन सुकलाल टेस्टर घेऊन उभा होता, आणि त्याच्या व कॉम्प्युटरच्या मध्ये धुडकू उभे होते, दोन्ही हात पसरून. गेटवर जाण्याआधी ते माळेचा निरोप घ्यायला आले होते, आणि तिथे सुकलालचा हात माळेवर बघून त्यांचं डोकं फिरलं होतं. बाजूला इंटरकॉम केकाटत होता.

"काका, साहेबांचा हुकूम आहे हो."

"माळ मना हातनी शे. मना हातनी उतरी."

"तुम्हाला तर गेटवर पाठवलंय म्हणे."

"साहेबले सांग, धुडकू अजून गेटवर गया नही!"

"सुकलालभाऊ, मागे व्हा," चंचल धापा टाकत म्हणाली. "आबा, कुणी कळ दाबली का?"

"माळ उतरली नही, कळ कशी दाबतीन?"

चंचल तिथेच खाली बसली. हसावं की रडावं तिला कळेना. मग तिने कॉम्प्युटरच्या मागे हात घातला, निळी वायर शोधली आणि तिचा खटका दाबून ती ओढून काढली. ही वायर मोठ्याकडे जाणारी. ती हातात धरून ती उभी राहिली. "आता हा एकटा आहे. आता कोणाकडे बघणार नाही. आबा, करा चालू."

धुडकूंनी मगनभाईंकडे पाहिलं. मगनभाई दारात उभे होते, घामाघूम.

"करो, काका, करो," ते म्हणाले. "तुम्हीच करा."

"नारळ?" धुडकूंनी विचारलं.

"आबा, नारळ नंतर!"

"नंतर कसा? आधी नारळ, मग कळ."

मगनभाईंनी डोळे मिटून घेतले. धुडकू नारळ घेऊन केबिनच्या बाहेर गेले, पार पायरीपर्यंत, आणि पाण्याचा थेंब आत येणार नाही एवढ्या दूर तो फोडला. परत येऊन हात आपल्या पॅन्टला तीनतीनदा पुसले. माळ उतरवली, खुंटीला टांगली, नमस्कार केला आणि अंगठ्याने कळ दाबली.

कॉम्प्युटर जागा व्हायला फार वेळ घेत होता. मोठा सापडेना म्हणून तो चाचपडत होता. मधेच पडद्यावर लाल फुलीची पाटी आली. मगनभाई ओरडले, "जो! बगडी गयुं!"

"बिघडलं नाही साहेब. जोडीदार कुठे गेला म्हणून विचारतोय." चंचलने पाटी बंद केली. पासवर्ड घालताना तिची बोटं दोनदा चुकली. मग फोल्डर उघडलं.

तिन्ही फायली होत्या. दीड वर्षापूर्वीची तारीख घेऊन जशाच्या तशा. तिने माप बघितलं, तारीख बघितली, आणि पुन्हा एकदा मोजल्या, एक, दोन, तीन.

फ्लॉपी घरघरत भरू लागली. तेवढ्यात साडेदहाची घंटा झाली, आणि ती घंटा चंचलच्या अंगाला तिच्याआधी कळली. पान्हा फुटला. ओढणी तिने पुढे घट्ट ओढून घेतली. गेटवर आता सासूबाई आल्या असतील, मनूने पडद्याकडे हात केले असतील. फ्लॉपी घरघरतच होती. एक भरली, तिने दुसरी घातली.

"दुसरी कशाला?" मगनभाईंनी विचारलं.

"आता यापुढे दोन जागी ठेवणार," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते इतकं गंभीरपणे गेलं की सुकलाल हसला.

वर आल्यावर तिने घाई केली नाही. घाईनेच तर झालं होतं. उगमाचं फोल्डर कोणतं, नकलेचं कोणतं, हे तिने पुस्तक उघडून, ओळीखाली बोट ठेवून आधी वाचलं. मग तिन्ही फायली उगमात ठेवल्या आणि खुर्चीला टेकली. नकलेच्या फोल्डरला तिने हात लावला नाही. ते आपोआप भरलं तरच सगळं सुरळीत झालं म्हणायचं. एक मिनिट, दोन, तीन. मगनभाई खिडकीशी उभे राहून घड्याळ बघत होते. चौथ्या मिनिटाला नकलेच्या फोल्डरमध्ये पॉलिसीची फाइल उमटली. मग दुसरी. मग तिसरी. कुणीही हात न लावता.

चंचलने किचनला इंटरकॉम लावला. "वजनकाट्याजवळच्या कॉम्प्युटरवर कोण आहे? एकदा बाहेर पडा आणि परत नाव घालून आत या."

पलीकडे मशीनांच्या आवाजात कळा बडवल्याचं ऐकू आलं. मग कुणीतरी म्हणालं, "आलं! रेसिपी आली! पिस्ता आला!" आणि मागून दुसरा एक आवाज, वैतागलेला, "मॅडम, घड्याळ आता बदलता येत नाही हो."

"तेच बरोबर आहे!" चंचल म्हणाली, आणि इतक्या वेळाने तिला हसू फुटलं. "आबांना सांगा, निळी वायर जागेवर लावा. खटका वाजेपर्यंत दाबा. आणि पिस्त्याच्या कडा?"

इंटरकॉमवर धुडकू आले. "ओल्या शेतस. मी पानी मारी ठेयेल व्हतं, दर दहा मिन्टले."

गेटवर जायचा हुकूम होता, तरी त्या माणसाने कापड वाळू दिलं नव्हतं.

मगनभाई जायला निघाले. दारात थांबून म्हणाले, "लिहून दे मला. काय झालं, कोणामुळे झालं, कसं निस्तरलं. सगळं. फाइलला लागेल."

"लिहिते."

"अने..." ते जरा घुटमळले. "उधन्याच्या माणसाला मी कळवतो, जागा नाय म्हणून. दुसरा कोणी असता ना, तर पाण्यावर गप बसला असता. मला शुक्रवारपर्यंत पाण्याचंच खरं वाटलं असतं. अने काका गेटवर नाय, जिगरवरच राहतील."

पावणेबारा वाजले होते. वॉचमनच्या केबिनमध्ये उषाबाई मनूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडून रडून पोरीचं नाक लाल झालेलं.

"आलीस? मला वाटलं तुला आज त्या मोठ्यालाच पाजायचं होतं," उषाबाई म्हणाल्या. मग सुनेचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "काय झालं गं?"

चंचलने पडद्याआड मनूला पदराखाली घेतल्यासारखं ओढणीखाली घेतलं आणि सगळं सांगितलं. मनू घटाघटा पीत होती आणि एका हाताने आईचं बोट धरून होती. उषाबाई ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे घालवलंस पण तूच आणि आणलंस पण तूच."

"घालवलं मी. राखलं आबांनी."

"आणि कबूल केलंस? सगळ्यांसमोर?"

"साहेबांसमोर."

"माझ्याच्याने नसतं झालं," उषाबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी सुनेच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग बाहेर वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या सुनेने आज मिल चालू केली बरं का!"

मनू मांडीवरच झोपली. ती झोप मोडू नये म्हणून चंचलने तिथेच, डाव्या हातावर लेक आणि उजव्या गुडघ्यावर कागद घेऊन अहवाल लिहिला. मगनभाईंना कळावा आणि आबांनाही अक्षर लागावं म्हणून हिंदीत लिहिला. पहिल्या ओळीत लिहिलं की फायली मी पुसल्या. मग कशा पुसल्या, का पुसल्या. मग त्या कुठे सापडल्या. पुढे काय करायचं तेही लिहिलं: तिन्ही फायली दर महिन्याला दोन फ्लॉपींवर घ्यायच्या, एक वरच्या खोलीत ठेवायची, एक कलर किचनमध्ये. शेवटी सही.

दुपारच्या डब्याला ती तो कागद घेऊन खाली गेली. पिस्त्याचा लॉट अर्धा झाला होता. रोलवरून कापड एकसारखं, हिरवंगार सरकत होतं. धुडकूंनी नेहमीप्रमाणे आधी तिची बोटं बघितली. तिने कागद त्यांच्यापुढे धरला.

"वाच तूच," ते म्हणाले.

तिने वाचलं. स्वतःची चूक तिने वाचली तेव्हा त्यांनी मान हलवली, नाही म्हणून की हो म्हणून ते कळलं नाही. शेवटच्या परिच्छेदाशी ती थांबली आणि म्हणाली, "हे तुम्ही वाचा."

धुडकूंची शाळा तिसरीपर्यंत झालेली. ते अक्षरं जोडू लागले. "फाइलें बची रहीं, क्योंकि... पूजा के बाद... मशीन को किसी ने छुआ नहीं था. यह काम... श्री धुडकू राघो सोनवणे, जिगर खाता, इनका है."

ते थांबले. "राघो बी लिखं?"

"पूर्ण नाव लिहायचं असतं अहवालात."

राघो म्हणजे त्यांचे वडील. त्यांनी सुरत कधी पाहिली नव्हती, आणि मुलगा रंगाच्या कामाला लागला म्हणून त्यांना आयुष्यभर थोडं वाईटच वाटत राहिलं होतं.

धुडकू नळावर गेले. साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, धोतराच्या सोग्याने पुसावेत तसे जुन्या सवयीने सदऱ्याच्या टोकाला पुसले, आणि मगच कागद हातात घेतला. आपल्या नावावर अंगठा ठेवला. मग वडिलांच्या नावावर.

कागद परत देताना दोघांनाही दिसलं. दोन्ही नावांवर पिस्त्याचा पुसट ठसा उमटला होता.

"अरे देवा," धुडकू म्हणाले. "खराब करा मी. दुसरा लिख, पोरी. साहेबकडे जावाना शे."

"नाही," चंचल म्हणाली. "हाच जाईल."

तिने कागदाची घडी घातली नाही. दोन्ही हातांनी, ओलं कापड धरावं तसा सपाट धरून ती तो वर घेऊन गेली, आणि जिन्यावरून जाताना तिच्या बोटालाही थोडासा रंग लागला.